अद्वैत नावाचं रेडकू

११ डिसेंबर. आज सरांची केबिन रिकामी केली. सोमवारी नवे संचालक रुजू होतात, त्यांना कपाट मोकळं हवं.

जाताना सरांनी कुरिअरने पाठवायच्या वस्तूंची यादी टेबलावर ठेवली होती. सन्मानचिन्हं पाच. फ्रेम केलेले फोटो सात. शाली, असतील तितक्या. प्रयोगाच्या वह्यांचा यादीत उल्लेख नव्हता. त्या तेवीस आहेत, अकरा वर्षांच्या. मी फोन करून विचारलं, वह्यांचं काय करू.

"जगतापबाई, ते गौण आहे," सर म्हणाले आणि शालींमध्ये डांबराच्या गोळ्या घालायला सांगितल्या.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते म्हणताना उजव्या हाताची बोटं हवेत झटकायची, चहावरची माशी हाकलावी तशी. इनक्युबेटरचा गॅस संपत आलाय? गौण. गोठ्याची मोटर जळाली? गौण. गोठ्यावरच्या बबनला मुलीच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टी हवी? फारच गौण. अकरा वर्षांत या माणसाच्या तोंडून मुख्य काय आहे ते मी एकदाच ऐकलं. ते पुढे येईल.

असा माणूस तुम्हीही पाहिलेला आहे. समारंभात पहिल्या रांगेत बसतो, फोटोत मधोमध असतो, आणि काम चालू असताना कुठे असतो ते कुणालाच सांगता येत नाही. आमचे सर दिसायला रुबाबदार होते, हे कबूल करते. उंच, दाट पांढरे केस, आवाज भारदस्त. भूगावच्या फ्लॅटमधून गाडीने येताना पिरंगुटच्या चौकात रोज अर्धा तास अडकायचे आणि आल्यावर त्या अर्ध्या तासाचं वर्णन आम्हाला ऐकवायचे, जणू आम्ही सगळे त्या चौकावरून उडत आलो होतो.

गोठ्यात त्यांची पावलं वर्षातून दोनदा लागायची, पाहुणे असले तर. म्हशीला कुठून हात लावावा हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकदा पाहुण्यांसमोर कौतुकाने शेपटीजवळ थोपटायला गेले आणि म्हशीने जे करायचं ते त्यांच्या पँटवर केलं. पाहुणे सभ्य होते, हसले नाहीत. बबन हसला. त्या वर्षी बबनची पगारवाढ 'विचाराधीन' राहिली.

आमची संस्था पिरंगुटच्या पुढे, पौड रस्ता सोडून चढ चढला की लागते. सरांचा प्रकल्प म्हशीच्या क्लोनिंगचा. सोपं करून सांगते. मुऱ्हा जातीच्या एका नामांकित रेड्याच्या कानाच्या कातडीचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या. दुसऱ्या कुठल्यातरी म्हशीचं बीजांड घ्यायचं, त्यातलं केंद्रक काढून टाकायचं आणि त्या रिकाम्या बीजांडाला ही कानाची पेशी जोडायची. मग तो गर्भ आठवडाभर डिशमध्ये वाढवायचा आणि तिसऱ्याच म्हशीच्या पोटात ठेवायचा. सगळं जमलं तर होणारं रेडकू त्या रेड्याची प्रत निघतं. बहुतेक वेळा काहीच जमत नाही.

बीजांडं येतात कत्तलखान्यातून. मी किंवा बबन सकाळी थर्मास घेऊन पुण्यात जातो, कापलेल्या म्हशींची अंडाशयं कोमट सलाइनमध्ये टाकतो आणि ती थंड पडायच्या आत परत येतो. सर कत्तलखान्यात कधी आले नाहीत. थर्मास हातात घेतलेला त्यांचा एक फोटो मात्र आहे. त्यातला थर्मास रिकामा होता. दुपारी त्यात मी चहा आणला होता.

केंद्रक काढायचं काम माझं. सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक पात्याने, हाताने. बीजांडाच्या एका बाजूला छोटा फुगवटा येतो, केंद्रक तिथे असतं. तेवढंच कापायचं. दाब जरा जास्त पडला की सगळं ओघळून जातं. माझा हात स्थिर आहे, त्यात माझं काही कौतुक नाही. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आमच्या घरात सगळ्यांचेच हात तसे. एका बैठकीत मी साठ-सत्तर बीजांडं कापते आणि मग मान धरते म्हणून भिंतीला टेकून उभी राहते. अशीच एकदा सभागृहाच्या भिंतीला टेकून उभी असताना व्यासपीठावरून सरांचा आवाज आला, "जेव्हा मी केंद्रक काढतो, तेव्हा मला सृष्टीच्या गाभ्याला हात लावल्यासारखं वाटतं."

मी माझी मान चोळत होते.

सर स्वतः का कापत नाहीत हे मला पहिली काही वर्षं कळलं नव्हतं. आळस, असं मी धरून चालले होते. मग एकदा जुना संदर्भ शोधताना त्यांच्या वह्या चाळल्या. पूर्वी ते रोज गर्भाची चित्रं काढत. पेन्सिलने, छाया भरून, एकेक पेशी वेगळी दिसेल अशी. पहिल्या वह्यांमधली वर्तुळं कंपासने काढल्यासारखी आहेत. पाचव्या वहीपासून कडा थोडी हलायला लागते. नवव्या वहीत रेघ इतकी थरथरते की त्यांनी ती तीनदा खोडली आहे. दहाव्या वहीपासून चित्रं नाहीत, छापील फोटो चिकटवलेले आहेत. हाताची बोटं सारखी झटकायची सवय कशासाठी, ते मला त्या दिवशी समजलं. कुणाला सांगितलं असतं तर आम्ही सांभाळून घेतलं असतं. त्यांनी सांगितलं नाही, आणि काम माझ्याकडे सरकवताना म्हणाले, "हे यांत्रिक काम आहे बाई, तुम्हीच करा." म्हणून माझी सहानुभूती त्या दहाव्या वहीशी संपते.

आता ते एकदाच ऐकलेलं मुख्य काय, ते सांगते. तिसऱ्या दिवशीच्या डिशा तपासत होतो. सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले ते उठेचनात. मला वाटलं झोप लागली.

"बाई, बघा. आठ झाल्या."

मी पाहिलं. आठ पेशी, एकमेकींना चिकटलेल्या.

"इथपर्यंत हा आईच्या शिदोरीवर जगलाय," सर म्हणाले. आवाज व्यासपीठावरचा नव्हता. "बीजांडात तिने जे भरून ठेवलं होतं, त्यावर. स्वतःच्या गुणसूत्रांतलं एक अक्षर अजून वाचलेलं नाही याने. आता वाचायला लागेल. बहुतेक इथेच मरतात. शिदोरी संपते आणि स्वतःचं वाचता येत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "हे मुख्य. बाकी सगळं गौण."

त्या दिवशी मला हा माणूस आवडला. संध्याकाळी बसमध्ये माझ्या डोक्यात आलं की सर स्वतः आठ पेशींच्या पुढे गेलेले नाहीत. दुसऱ्यांनी भरून दिलेल्या शिदोरीवर साठीला आले. त्यानंतर तो विचार काही डोक्यातून गेला नाही.

गर्भ ठेवायला म्हशी लागतात आणि आमच्या गोठ्यात त्या पुरेशा नव्हत्या. म्हणून पौडच्या पुढच्या धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमधून म्हशी आणायचं ठरलं. करार साधा होता. माजावर आणायचं इंजेक्शन म्हशीला घरीच द्यायचं, माजानंतर सात दिवसांनी तिला संस्थेत आणून गर्भ ठेवायचा, वेत होईपर्यंत चारापाणी आणि औषध संस्थेचं. क्लोन केलेलं रेडकू संस्थेचं, म्हैस मालकाची.

त्यात ठकूबाईंची म्हैस होती. ठकूबाई डोंगरावरच्या वाडीतल्या, पंचावन्नच्या पुढच्या, काटक, बोलायला रोखठोक. एकच म्हैस. तिचं दूध तळ्याकाठच्या रिसॉर्टला रोज जायचं, घर त्यावर चालायचं. त्यांचा फॉर्म मी भरून घेतला. त्यात एक प्रश्न असतो, वस्तीत रेडा आहे काय. ते महत्त्वाचं, कारण माजावर आलेली म्हैस रेड्याला भेटली की आमच्या गर्भाला काही अर्थ उरत नाही.

"मावशी, वाडीत रेडा आहे का?"

"न्हाई. रेडा ठिवून कोन खायाला घालनार?"

मी 'नाही' लिहिलं. म्हैस माजावर येईल तेव्हा बांधून ठेवा, असं दोनदा बजावलं आणि खाली उतरले. या 'नाही'साठी मला नंतर मेमो मिळाला. तो योग्यच होता.

तेरा म्हशींत गर्भ ठेवले, बारा रिकाम्या निघाल्या. सोनोग्राफीत ठकूबाईंच्या म्हशीच्या पोटात ठोका दिसला. सरांनी पेढे वाटले, स्वतःच्या हाताने, चौकीदारापर्यंत. पुढचे नऊ महिने ते ओळखू न येण्याइतके गोड वागले. बबनची पगारवाढसुद्धा झाली.

आम्ही तयारी मोठी केली होती. क्लोनचं वेत अवघड असतं. रेडकू पोटात फार वाढतं, दिवस उलटून जातात, कधी पोट फाडून काढावं लागतं, आणि काढलं तरी ते धापा टाकत पडून राहतं. ऑक्सिजन, सलाइन, पशुवैद्य, सगळं हजर होतं. ठकूबाईही दोन दिवस येऊन गोठ्यात बसल्या होत्या.

म्हैस ठरल्या दिवशी सकाळी नऊ वाजता व्याली, कुणाच्या मदतीशिवाय. बेताचं, चपळ रेडकू. वीस मिनिटांत उभं राहिलं आणि कासेला लागलं. अंग काळंभोर, कपाळावर मात्र पांढरा चांद आणि मागचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा. आमचा मुऱ्हा शेपटीपर्यंत काळा आहे.

ठकूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय झालं, मावशी?"

"ह्यो तर देवीच्या रेड्याचा हाय. कपाळ बघा की त्येचं."

"कुठला देवीचा रेडा?"

"आमच्या वाडीवरचा. देवीला सोडल्याला."

"तुम्ही तर म्हणालात वाडीत रेडा नाही."

"न्हाईच की. त्यो काय वाडीचा हाय व्हय? त्यो देवीचा."

"आणि तो म्हशीजवळ आला होता? इंजेक्शननंतर?"

"यील न्हाई तर काय? दिसभर वरडत व्हती ती."

"बांधून ठेवा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"बांदली व्हती की. चांगली दाव्यानं." ठकूबाईंना माझ्या डोक्याची काळजी वाटायला लागली असावी. "त्यो मोकळा असतुया, ताई. देवीच्या रेड्याला कोन आडवनार?"

देवळाला जसं कुणी घरांत मोजत नाही, तसं त्या रेड्याला वाडीत कुणी जनावरांत मोजत नाही. तो शेतात शिरला तरी हाकलत नाहीत, दारात आला तर भाकरी घालतात. माझं माहेर इथून तासाभरावर आहे. हे मला सुचायला हवं होतं.

सरांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं, माझ्या फॉर्मसकट. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही, तेव्हाच मला शंका आली. बादलीत म्हशीची जार, व्याल्यानंतर पडलेली वार, होती. क्लोनची जार वेगळी दिसते, तिच्यावरच्या गाठी थोड्या आणि मोठाल्या असतात. ही जार कुठल्याही गोठ्यातली असावी तशी होती. सर बराच वेळ बादलीत बघत उभे राहिले. मग बबनला म्हणाले, "पुरून टाक. फोटो नको."

"सर, तो चांद."

"पांढरे डाग गर्भात रंगपेशींच्या प्रवासावर ठरतात, बाई. क्लोनमध्ये ते वेगळे येऊ शकतात. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. म्हणूनच चीड आली. खोटं बोलायला माणूस खऱ्या ज्ञानाची इतकी छान इस्त्री वापरू शकतो, हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं.

"रेडक्याचे केस डीएनए तपासायला पाठवूया," मी म्हणाले. "म्हैस याची खरी आई आहे का, एवढंच बघायचंय. आई निघाली तर हे क्लोन नाही."

"कार्यक्रमानंतर बघू."

कार्यक्रम चौथ्या दिवशी झाला. मांडव, पाहुणे, वर्तमानपत्रवाले. सरांनी रेडक्याचं नाव ठेवलं अद्वैत. दोन नव्हेत, एकच, असा अर्थ त्यांनी भाषणात उलगडून सांगितला. झेंडूचा हार स्वतः घातला आणि तो मोठा करवून घेतला होता, कपाळावरून घालता येईल असा. आज जे सात फोटो गुंडाळले त्यांत तो एक आहे. चांद दिसत नाही. सर दिसतात.

त्याच दुपारी म्हैस टेम्पोत घालून वाडीवर पाठवली. रेडकू संस्थेत, बाटलीवर.

आता ज्यांच्या घरी म्हैस नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडकू समोर नसेल तर गावठी म्हैस पान्हा सोडत नाही. थोडे दिवस पेंड दाखवून, गोंजारून काढता येतं, तेही अर्धंमुर्धं. मग ती आटते, आणि आटली की पुढचं वेत होईपर्यंत दूध नाही. ठकूबाई आठव्या दिवशी फाटकात हजर. एसटीने पौड, तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने. सर गाडीतून उतरत होते.

"सायेब, माजं रेडकू द्या."

"अहो बाई, ते काय साधं रेडकू आहे? देशाची संपत्ती आहे ती."

"आसंल. पर दूद म्हशीपाशी हाय आन् ती सोडंना. चार लिटरवं आली."

"करारावर तुमचाच अंगठा आहे ना?"

"अंगटा न्हाई. सही हाय."

"तेच ते."

"तेच कसं?" ठकूबाई म्हणाल्या. "आन् सहीच्या वर लिवलंय, तुमच्या मोठ्या रेड्याचं जे हुईल ते तुमचं. ह्ये तुमच्या रेड्याचं न्हाई. आख्ख्या वाडीला ठावं हाय. तुमी येवडं शिकल्यालं, तुमाला कसं कळंना?"

सरांनी बोटं झटकली आणि आत गेले. चौकीदाराला सांगितलं, या बाईंना फाटकातच थांबवत जा. बाई त्यानंतर दर दिवसाआड येत होत्या आणि फाटकात थांबत होत्या. अकराव्या दिवशी दूध अडीच लिटरवर आलं होतं. रिसॉर्टवाल्याने पिशव्यांचं दूध सुरू केलं होतं, पण अजून पूर्ण नाही म्हटलं नव्हतं.

केस मी आधीच पाठवले होते. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी रेडक्याच्या शेपटीचे उपटले, म्हशीचे ती व्याली त्या दिवशी घेऊन ठेवले होते, मुऱ्ह्याच्या पेशी नायट्रोजनच्या टाकीत होत्याच. तीन पाकिटं, माझ्या सहीने. अशा पत्रावर संचालकांची सही लागते. ती नव्हती. त्याबद्दल मला मेमो मिळाला नाही, कारण तो द्यायचा तर कशाबद्दल ते लिहावं लागलं असतं.

अठराव्या दिवशी दुपारी निकाल आला. म्हैस रेडक्याची आई होती आणि मुऱ्हा त्याचा कुणीही नव्हता. मी कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

"कुणाला दाखवलंत?"

"तुम्हाला. वाडीला वर्षभरापासून माहीत आहे."

"नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. तुमच्याकडून."

"सर, माझ्याकडून फॉर्म भरताना चूक झाली. ती मी लिहून द्यायला तयार आहे. ही झालेली नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. मग एकदम मवाळ झाले. "आठ दिवस थांबा, बाई. माझी मुलाखत आहे दक्षिणेत, मोठी संस्था आहे. ती होऊ दे. मग काय ते जाहीर करू."

"आठ दिवसांत म्हैस आटेल."

"एक म्हैस, जगतापबाई."

"त्यांच्याकडे एकच आहे."

खिडकीबाहेर गोठ्याचा पत्रा दिसतो, ते तिकडे बघायला लागले. मला वाटलं आता ओरडतील. पण ते त्या सूक्ष्मदर्शकाजवळच्या आवाजात म्हणाले, "मग आपला गर्भ कधी गेला असेल?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आम्ही सातव्या दिवशी तिच्या पोटात ठेवला तेव्हा तो चांगला होता. मीच कापलेल्या बीजांडाचा. तिथे आधीच दुसरा गर्भ होता, तिचा स्वतःचा. आमचा किती दिवस टिकला, एक की दहा, हे आता कधीच कळणार नव्हतं. त्याबद्दल विचारणारा माणूस जगात एकच होता आणि तो माझ्यासमोर बसला होता. त्या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

"सांगता येणार नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग टेबलावरचा कागद उचलून घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि म्हणाले, "मी हा पाहिलेला नाही."

"त्याची दुसरी प्रत माझ्याकडे आहे."

"ती तुमची जबाबदारी. मी उद्या रजेवर आहे."

एवढं बोलून ते गाडीत बसून निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. परवानगी दिली असं कुणी म्हणू नये, अडवलं असंही कुणी म्हणू नये, म्हणून माणूस एका दिवसाची रजा टाकतो. मुलाखतही त्यांची चांगली झाली. महिनाभरात त्यांनी इथला राजीनामा दिला आणि निरोपसमारंभात आणखी एक शाल घेतली. मी विश्वस्तांना सगळं लेखी दिलं, प्रकल्पाच्या नोंदीत 'गर्भ टिकला नाही' असं दुरुस्त झालं. नव्या ठिकाणी सर अद्वैतबद्दल काय सांगतात ते मी विचारलेलं नाही.

पण त्या दुपारनंतरचं सांगायचं राहिलं. सर गेल्यावर मी बबनकडे टेम्पोची चौकशी केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फाटकावरच्या रजिस्टरमध्ये मी लिहिलं: 'रेडकू, नर, एक. मालकाकडे परत.' कारणाच्या रकान्यात निकालाचा जावक क्रमांक घातला आणि खाली सही केली. चौकीदाराने विचारलं, साहेबांना फोन लावू का. लाव म्हटलं. फोन बंद होता. आम्ही निघालो. बबन गाडी चालवत होता, मी मागे रेडक्याला धरून बसले होते. धरणाच्या कडेकडेने वर, शेवटचा तुकडा चालत, मध्ये दोनदा ते माझ्या हातातून निसटलं.

ठकूबाई अंगणात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सरळ रेडक्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"पार वाळवलंय की," म्हणाल्या.

रेडकू म्हशीजवळ नेलं. तिने हुंगलं आणि मान वळवली. पुन्हा पुढे केलं तर शिंग उगारलं. पंधरा दिवसांनंतर त्याच्या अंगाला फिनेलचा वास होता, तिचा नव्हता.

"वळख मोडली," ठकूबाई म्हणाल्या. त्या घरात गेल्या, ओंजळभर मीठ घेऊन आल्या आणि त्यातलं अर्धं माझ्या हातावर ओतलं. "तुमी मानंकडनं चोळा. मी मागनं येती. हात राखू नका."

मी बाह्या वर केल्या, मीठ ओलं केलं आणि त्याची मान, पाठ, पोट चोळून काढलं. दोघींचे हात मध्यावर भेटले तेव्हा ठकूबाईंनी रेडकू म्हशीच्या तोंडासमोर उभं केलं. तिने नाक फेंदारलं. मग एकदा चाटलं. थांबली. पुन्हा चाटलं, आणि मग चाटतच राहिली, रेडकू ढकललं जाईल इतक्या जोरात. ते तिच्या पोटाखाली शिरलं आणि ढुशा द्यायला लागलं.

ठकूबाई थोड्या वेळाने दुसऱ्या अंगाने खाली बसल्या, कासेला हात लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चरवी द्या."

मी दिली.